मशीनला वाचायला शिकवणारं वर्कशॉप, सात रस्ता, सोलापूर: दोन रविवार, दीड हजार रुपये आणि एक पाडलेली चिमणी

आधी रेटिंग सांगून टाकते म्हणजे घाईवाले सुटले. पाचपैकी साडेतीन. पहिल्या रविवारला साडेचार, दुसऱ्याला अडीच.

मी कॉम्प्युटरवाली नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ऑफिस सांभाळते, बिलं, पार्ट्यांचे फोन, डिस्पॅच, एक्सेल, एवढाच माझा कॉम्प्युटर. भाचा बीएस्सी कॉम्प्युटर करतोय, त्यानं व्हॉट्सॲपवर जाहिरात पाठवली, "कॉम्प्युटर वाचून शिकतो कसा? मराठीतून, दोन रविवार", आणि खाली लिहिलं की मावशी तू पण चल, एकावर एक दोनशे रुपये कमी आहेत. म्हणजे मी डिस्काउंट म्हणून गेले. पण डोक्यात एक कारण होतंच. आमचे मालक सारखे म्हणतात की त्या एआयला सांग की नेटवर बघून कोण टेरी टॉवेल काय भावानं विकतंय ते काढून दे, आणि ते एआय जे काढून देतं त्यात निम्मं खरं आणि निम्मं ठोकून दिलेलं, आणि कुठलं निम्मं खरं ते कळायला परत सगळं मलाच बघावं लागतं. मग म्हटलं हे वाचतंय तरी कसं ते एकदा बघून येऊ.

जागा सात रस्त्याच्या अलीकडे, झेरॉक्सच्या दुकानावर दुसरा मजला. क्लासचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रारी पण लिहिणार आहे आणि मुलं नवीन आहेत, कष्टाळू आहेत. पार्किंग नाही. गाडी समोरच्या गल्लीत लावायची आणि कुणाच्या गेटसमोर येत नाही ना ते बघायचं. एप्रिल महिना, सोलापूरचं ऊन, वर पत्रा नव्हता एवढं नशीब, पण एसी चालू म्हणून सांगितलेला फक्त आवाज करत होता. वीस-बावीस माणसं, बहुतेक इंजिनिअरिंगची पोरं, एक रिटायर्ड मास्तर, एक डीटीपीवाले काका आणि मी. माठातलं पाणी मात्र गार होतं, आणि आपल्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते माहीत असणाऱ्याला त्याची किंमत कळेल.

सर म्हणजे जेमतेम तिशीचा मुलगा, सोलापूरचाच, पुण्यात नोकरीला. मला वाटलं आता स्लाइड सुरू होणार आणि मी झोपणार. त्यानं फळ्यावर एक वाक्य लिहिलं, "लग्नात हुग्गीसारखे गोड पदार्थ असतात", आणि विचारलं, समजा पुण्याच्या माणसाला हुग्गी म्हणजे काय माहीत नाही, तर या वाक्यावरून त्याला काय कळलं? मागनं एक पोरगं म्हणालं, गोड असतंय. सर म्हणाला, बास बे, हेच ते, आत्ता तू जे केलंस ना ते १९९२ साली मार्टी हर्स्ट नावाच्या बाईनं कॉम्प्युटरला करायला लावलं. हुग्गी खाल्लेली नाही, बघितलेली नाही, पण "अमुकसारखे तमुक" असं कुणी लिहिलं की अमुक हा तमुकचा प्रकार, एवढं मशीन टिपून घेतं. इंग्रजीत असे पाच-सहा साचे तिनं काढले. मराठीचे आम्ही तिथंच बसून काढले: "सारखे", "वगैरे", "इत्यादी", "यांसह इतर". "कडक भाकरी, शेंगा चटणी, धपाटे वगैरे सोलापुरी पदार्थ" असं एक वाक्य मिळालं की एका फटक्यात तीन माहित्या. सोपं आहे, इतकं सोपं की मला शंका आली, आणि शंका बरोबर होती.

मग दुसरी पायरी. साचे माणसानं काढत बसायचं नाही, मशीननं स्वतः शोधायचे. हे १९९८ साली सर्गेई ब्रिननं करून दाखवलं, हो तोच, गुगलवाला, आणि गुगल सुरू झालं तेच वर्ष. त्यानं फक्त ५ पुस्तकं आणि त्यांचे लेखक दिले, मशीननं ती जोडी नेटवर कुठं कुठं आणि कशी लिहिलीय ते बघितलं, त्यावरून साचे बनवले, त्या साच्यांनी नवीन जोड्या शोधल्या, नव्या जोड्यांवरून परत नवे साचे, असं करत पाचाची १५ हजारांच्या वर पुस्तकं झाली. मला हे ऐकून विरजणच आठवलं, चमचाभर लावलं की पातेलंभर.

आम्ही आमचं विरजण लावलं जन्मस्थळाचं. चार जोड्या दिल्या: डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि सोलापूर (१० ऑक्टोबर १९१०, हे मास्तरांनी लगेच सांगितलं, आणि चीनमध्ये गेले कधी, वारले कधी तेही सांगायला लागले, त्यांना थांबवावं लागलं), सावित्रीबाई फुले आणि नायगाव, डॉ. आंबेडकर आणि महू, शाहू महाराज आणि कोल्हापूर. सरांनी आधीच गोळा करून ठेवलेल्या काही हजार मराठी पानांवर प्रोग्रॅम सोडला. दोन मिनिटांत साचा सापडला, "यांचा जन्म अमुक येथे झाला". आपल्याकडे चरित्र लिहिणारा प्रत्येक माणूस हेच वाक्य लिहितो त्यामुळे माणसं धडाधड यायला लागली, आम्ही टाळ्या वाजवायला लागलो. मग प्रोग्रॅमनं साचा थोडा सैल केला, "येथे" नसलं तरी चालेल म्हणाला, आणि पुढची यादी आली ती अशी: जन्मस्थळ, गरीब शेतकरी कुटुंब. जन्मस्थळ, सधन घराणे. जन्मस्थळ, सामान्य परिस्थिती. एकाचं तर जन्मस्थळ शनिवार होतं. पोरं हसून लोळली. सर पण हसला पण म्हणाला की थांबा, आता खरी गंमत बघा, आणि प्रोग्रॅम अजून एक फेरी चालवला. आता "गरीब शेतकरी कुटुंब" हे गाव आहे असं मशीनचं ठाम मत झालेलं, त्यामुळे ते शब्द जिथं जिथं आले तिथले साचे पण त्यानं उचलले, आणि यादीत कर्जमाफी, दुष्काळ, एकुलता एक मुलगा सगळे गावं म्हणून आले.

याला ते लोक म्हणतात अर्थ घसरणे. एक चूक आत गेली की ती पुढच्या चुकांना हात धरून घेऊन येते.

हे सगळं खेळण्यातलं झालं. मोठं खरं उदाहरण म्हणून सरांनी नेल सांगितलं आणि त्या एका तासासाठी मी दीड हजार परत देईन. नेल हा अमेरिकेत पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल आणि त्यांच्या टीमनं बनवलेला प्रोग्रॅम, जानेवारी २०१० ला चालू केला आणि चोवीस तास चालूच ठेवला, कधीच न थांबणारा शिकाऊ, त्याच्या नावाचा अर्थच तो. त्याला आधी थोडे कप्पे दिले, शहरं, कंपन्या, खेळाडूंच्या टीम, झाडं असे, आणि प्रत्येक कप्प्यात दहा-पंधरा नमुने. बाकी स्वतः वाच आणि भर. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पेपरात बातमी आली तेव्हा त्याच्याकडे २८० कप्पे आणि ३ लाख ९० हजार माहित्या होत्या, त्यातल्या साधारण ८७ टक्के बरोबर. माझ्याकडे नवीन लागलेल्या पोरीची पहिल्या सहा महिन्यांतली एण्ट्री इतकी बरोबर नसते.

तर त्याच्या बेकरीच्या कप्प्यात काय झालं. केक, पाव, कुकीज सगळं छान भरत होता. मग त्याला कुठंतरी इंटरनेट कुकीज दिसल्या, म्हणजे त्या वेबसाइटवर अॅक्सेप्ट करा म्हणून मागे लागतात त्या. कुकी म्हणजे बेकरीचा माल, टाकलं कप्प्यात. मग त्यानं वाचलं "मी माझ्या इंटरनेट कुकीज डिलीट केल्या". अच्छा, म्हणजे डिलीट करतात तो बेकरीचा माल. पुढे वाचलं "मी माझ्या फाइल्स डिलीट केल्या", आणि फाइल्स गेल्या पावाशेजारी. मिचेलनी नंतर बघितलं तर सगळा कप्पा नासलेला. पहिले सहा महिने त्याला माणसानं हात न लावता सोडलं होतं, हे बघून मग अधूनमधून माणसानं चुका काढायच्या असं ठरलं.

डीटीपीवाले काका म्हणाले, हे इंग्रजीत होतंय, मराठीत कुकी म्हणजे कुकीच. सरांना बहुतेक हेच कुणीतरी बोलावं असं हवं होतं. त्यांनी कप्पा काढला "पक्षी". नमुने दिले मोर, पोपट, कावळा, कबूतर, चिमणी. आणि वाचायला दिल्या सोलापूरच्या बातम्या.

सोलापूरकराला पुढचं सांगायला नको पण बाहेरच्यांसाठी सांगते. होटगी रोडच्या विमानतळाला अडथळा म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडायची की नाही यावर आमच्याकडे वर्षानुवर्षं मोर्चे, कोर्ट, उपोषणं सगळं झालं, आणि १५ जून २०२३ ला ती पाडली. त्या दिवसात गावात दुसरा विषय नव्हता. आता मशीनच्या बाजूनं बघा. चिमणी हा पक्षी. चिमणी पाडली. म्हणजे जे पाडतात ते पक्षी. अतिक्रमण पाडलं, पक्षी. जुनी भिंत पाडली, पक्षी. धोकादायक इमारत, पक्षी. शेवटच्या फेरीत महापालिकेनं शहरातले बरेच पक्षी पाडलेले होते आणि काही पक्ष्यांना आधी नोटीस दिलेली होती. मी इतकी हसले की डोळ्यांतनं पाणी आलं, आणि हसता हसताच लक्षात आलं की मालकांच्या टॉवेलच्या भावाच्या यादीत नेमकं हेच झालं होतं, फक्त तिथं पक्षी दिसत नव्हता म्हणून मला कळलं नव्हतं.

मग हे थांबवायचं कसं, तर नेलवाल्यांचा उपाय मला फार आवडला कारण तो आपण रोज करतो. एकाच साक्षीदारावर विश्वास ठेवायचा नाही. त्यांच्या मशीनमध्ये वेगवेगळे वाचणारे होते, एक वाक्याचा साचा बघायचा, एक पानावरच्या याद्या आणि तक्ते बघायचा, एक नुसता शब्दाचा तोंडवळा बघायचा, आणि दोघातिघांचं जमलं की माहिती जास्त पक्की. शिवाय कप्प्यांमध्ये भांडणं लावून ठेवलेली, जो पक्षी तो इमारत असू शकत नाही, जे गाव ते माणूस असू शकत नाही. तोंडवळ्याचं मराठी उदाहरण आम्हीच केलं: शेवट "पूर" असेल तर गाव. सोलापूर, पंढरपूर, तुळजापूर, कोल्हापूर. मशीन खूश. मग त्यानं आणलं भरपूर. आणि कापूर. आणि महापूर. पण "भरपूर येथे जन्म झाला" असं कुणी कधी लिहीत नाही, दुसऱ्या साक्षीदारानं मान हलवली, भरपूर बाद. महापूर मात्र थोडा वेळ टिकला कारण "महापुरात" आणि "सोलापुरात" दिसायला सारखे. २०१५ पर्यंत नेलकडे ८ कोटींच्या वर माहित्या झाल्या होत्या, कमीजास्त खात्रीच्या, म्हणजे प्रत्येकीपुढे किती भरवसा तो आकडा लिहिलेला. तो आकडा लिहिणं हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटलं. आताचं फोनमधलं एआय तसला काही आकडा दाखवत नाही, सगळं एकाच ठाम आवाजात सांगतं.

जेवायची सुट्टी पाऊण तास. जेवण फीमध्ये नाही, चहा आहे. समोर डिस्को भजी मिळाली, बरी होती. जेवताना मी सरांना सांगितलं की तुम्ही कॉम्प्युटरचा इतिहास अमेरिकेपासून सुरू केला पण आपल्या चादरीवरचा मोर ज्या जेकार्ड मागावर निघतो त्याचे भोकं पाडलेले पुठ्ठे हेच कॉम्प्युटरच्या पंच कार्डाचे आजोबा, जेकार्ड नावाच्या फ्रेंच माणसानं ते १८०४ च्या सुमाराला केलं, सोलापुरात शिकवताय तर तिथनं सुरू करा. त्यानं वहीत लिहून घेतलं. पुढच्या बॅचला सांगितलं तर श्रेय माझं.

दुपारचं सत्र मराठीच्या डोकेदुखीवर होतं आणि हे बाहेरच्या कुठल्याच यूट्यूब कोर्समध्ये मिळणार नाही. इंग्रजीत नाव आलं की पहिलं अक्षर मोठं, मशीनला खूण मिळते. आपल्याकडे मोठं अक्षरच नाही. "प्रकाश पडला" म्हणजे उजेड आला की प्रकाश नावाचा मुलगा गाडीवरनं पडला? "आशा सोडून गेली" यात आशा कोण? मग शब्दाची शेपटं. सोलापूर, सोलापूरला, सोलापुरात, सोलापूरचा, सोलापूरकरांनी, आपल्याला एकच गाव दिसतं, अडाणी मशीनला पाच वेगळे शब्द, आणि त्यात पू चा पु होतो ते वेगळंच. शेपूट तोडायचं म्हटलं तर कुठं तोडायचं, "सोलापूरला" मधला ला तोडला ठीक पण "शीला", "कला" यांचा पण तोडून ठेवतो. डीटीपीवाले काका इथं फॉर्मात आले. त्यांनी सांगितलं की पंचवीस वर्षं आम्ही जे टाइप केलं, पत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक, गावाचे इतिहास, ते सगळं जुन्या फॉण्टमध्ये, ज्यात स्क्रीनवर मराठी दिसतं पण आत भलतीच इंग्रजी अक्षरं असतात, युनिकोड नाही. म्हणजे मशीननं ती फाइल उघडली तर त्याला कचरा दिसणार. माणसाला वाचता येतं, मशीनला नाही. आणि बाकीचं स्कॅन केलेले फोटो. हॉल जरा गप्प झाला. काका म्हणाले, माझ्या हार्डडिस्कमध्ये अर्धं सोलापूर पडलंय आणि नेटवर आहे ते चादर आणि चटणीचं पान, तेच तेच दहा जणांनी कॉपी केलेलं.

पहिला रविवार इथं संपला. घरी येऊन मी नवऱ्याला चिमणीची गोष्ट तीनदा सांगितली.

दुसऱ्या रविवारी सर उशिरा आला, गाडी लेट, ती काही त्याची चूक नाही. पण मग दोन तासांचं एका तासात कोंबायला घेतलं आणि तिथनं बिनसलं.

सुरुवात चांगली होती. विषय असा की दोन नावं म्हणजे एकच गोष्ट हे मशीनला कळतं कसं, आणि एकच नाव म्हणजे पाच गोष्टी हे कळतं कसं. सिद्धेश्वर म्हटलं की देऊळ, तलाव, यात्रा, साखर कारखाना आणि मुंबईची रेल्वे. हुतात्मा म्हटलं की देशासाठी प्राण दिलेला माणूस पण, आणि सकाळी सोलापूरहून सुटणारी रेल्वे पण. उलट बाजूला सोलापूर विद्यापीठ आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ हे एकच, २०१९ ला नाव बदललं, पण जुन्या पानावर जुनं नाव. मग सरांनी प्रोग्रॅमला विचारलं, सोलापूरचे हुतात्मे किती? उत्तर आलं सात. मास्तर ताडकन उभे राहिले. चार, ते म्हणाले, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, १२ जानेवारी १९३१, येरवडा. आवाज चढला होता. सरांनी यादी उघडून दाखवली, कुर्बान हुसेन वेगवेगळ्या पानांवर वेगवेगळ्या पद्धतीनं लिहिलेले, कुठं पूर्ण नाव अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, कुठं हुसैन, कुठं नुसतं कुर्बान, मशीननं प्रत्येक वेळी नवीन माणूस धरला. मास्तर बसले पण म्हणाले की मग ते जोडा आधी. आणि सरांनी खरंच स्लाइड बाजूला ठेवून अर्धा तास ते जोडून दाखवलं, नावातली अक्षरं किती जुळतात, शेजारी तीच तारीख आहे का, तोच तुरुंग आहे का, असे पुरावे एकावर एक ठेवून. सातचे चार झाले तेव्हा मास्तरांनी चष्मा पुसला. या अर्ध्या तासामुळे पुढचं वेळापत्रक कोसळलं पण माझी याला अजिबात तक्रार नाही.

काळाचा मुद्दा पाच मिनिटांत उरकला, तो मात्र जास्त हवा होता. "सोलापूरहून विमानसेवा नाही" असं लिहिलेली पानं ढिगानं आहेत. नव्या टर्मिनलचं उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ ला झालं, २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. पण जुनी पानं कुणी पुसत नाही. मतं मोजली तर "नाही" जिंकणार. चिमणी पण नेटवर अजून कितीतरी पानांवर उभीच आहे. मी विचारलं की मग मशीननं तारीख बघायची ना, तर सर म्हणाला मॅडम निम्म्या पानांवर तारीखच नसते, आणि असली तरी ती पान टाकल्याची असते, घटनेची नाही. आणि पुढं गेला.

पुढं म्हणजे आजचं एआय, चॅटवालं, ज्यासाठी बहुतेक पोरं आली होती. इथं घाई झाली. मला समजलं ते असं. नेलसारखं हे कप्पे करत नाही. हे वाक्यं वाचतं आणि पुढचा शब्द ओळखायचा सराव करतं, अब्जावधी वेळा. सरांनी आम्हालाच खेळवलं, "सोलापूरची प्रसिद्ध" म्हणाला आणि थांबला, सगळे ओरडले चादर, दोघं म्हणाले शेंगा चटणी. बघा, म्हणाला, तुम्हाला कुणी यादी पाठ करायला लावली नव्हती, इतक्या वेळा ऐकलंय की आपोआप आलं. मशीनची माहिती अशी सवयीत मुरलेली असते, कुठल्या खणात ठेवलेली नसते. म्हणून काढून दाखव म्हटलं तर दाखवता येत नाही, आणि कमी ऐकलेल्या गोष्टीबद्दल विचारलं तरी तोंड उघडंच असतं, काहीतरी जुळणारा शब्द येतोच. २०१७ ची ट्रान्सफॉर्मरची आयडिया, २०१८ चं गुगलचं बर्ट ज्यात वाक्यातले साधारण १५ टक्के शब्द झाकून ओळखायला लावतात, नोव्हेंबर २०२२ चं चॅटजीपीटी, हे सगळं वीस मिनिटांत गेलं, ट्रान्सफॉर्मर म्हटल्यावर मला रस्त्यावरची विजेची डीपीच आठवत राहिली आणि कुणी थांबून समजावलं नाही.

काही आकडे मात्र वहीत लिहून घेतले. कॉमन क्रॉल म्हणून एक संस्था नेटची पानं गोळा करून फुकट ठेवते, ही मॉडेलं बरीचशी त्यावर पोसलेली, त्यात इंग्रजी चाळीस टक्क्यांच्या वर आणि मराठी अर्ध्या टक्क्याच्याही कितीतरी खाली. आणि २०११ च्या जनगणनेत मराठी बोलणारे ८ कोटी ३० लाख. पुण्यातल्या एल३क्यूब ग्रुपनं नुसत्या मराठीचा साठा केलाय महाकॉर्पस नावाचा, जवळपास २ कोटी ४८ लाख वाक्यांचा, आणि तो बराचसा बातम्यांमधून आलेला. म्हणजे मशीन जे मराठी शिकतं ते बातमीदाराचं. ते "पोलिसांनी पंचनामा केला" छान लिहील, पण आमच्या कारखान्यात बोलतात तसं, निम्मं तेलुगू निम्मं मराठी आणि शिवी कन्नडमधनं, ते कुणी लिहूनच ठेवलेलं नाही तर वाचणार काय.

आता तक्रारी. रेकॉर्डिंग देतो म्हणाले होते, आज महिना झाला, ग्रुपवर विचारलं की अंगठा दाखवतात, म्हणजे लाइकवाला. दुपारी लाईट गेली तेव्हा इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर चालेना, चाळीस मिनिटं हातपंख्यावर. वायफाय पडलं तर पोरांचे हॉटस्पॉट वापरले. "लॅपटॉप नसला तरी चालेल" असं जाहिरातीत होतं, चालत नाही, मी भाच्याच्या स्क्रीनमध्ये मान घालून बसले आणि दुसऱ्या दिवशी मान धरली. पायथॉन ही कोड लिहायची भाषा येत नसेल तर कोडचा भाग डोक्यावरनं जातो, पण प्रोग्रॅम चालवून बघणं कोड न येताही जमतं, तेवढी फाइल त्यांनी दिली. आणि सर्टिफिकेट. दोन दिवस नाव ओळखण्यावर शिकवणाऱ्या क्लासनं माझं आडनाव चुकीचं छापलं. सरांना दाखवलं तर तो म्हणाला मॅडम, कुर्बान हुसेनांसारखी ही तुमची पण दुसरी प्रत समजा. हजरजबाबी आहे पोरगा, बदलून मात्र अजून दिलेलं नाही.

पैसे वसूल झाले का. माझे झाले, पण वेगळ्याच ठिकाणी. सोमवारी कारखान्यात जाऊन पार्ट्यांची लिस्ट उघडली. तीनशे बारा नावं. एकच पार्टी, एकदा गावासकट, एकदा गावाशिवाय, एकदा मालकाच्या नावानं, एकदा जुन्या अकाउंटंटनं लिहिलेल्या स्पेलिंगनं. भाच्याला बसवलं, हुतात्म्यांचा प्रोग्रॅम त्यावर चालवला, नाव किती जुळतं, फोन तोच का, जीएसटी नंबर तोच का. तीनशे बाराचे दोनशे सहा झाले. त्यात एका पार्टीची उधारी तीन नावांवर वाटलेली निघाली, प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी म्हणून कुणाच्या डोळ्यावर आली नव्हती. मालकांनी पहिल्यांदा विचारलं की कुठं शिकलात ओ हे. टॉवेलच्या भावाचं मी त्यांना साफ सांगितलं, एआयनं काढलेला भाव दिसला तर त्याला विचारायचं कुठल्या पानावरनं घेतला आणि ते पान कधीचं आहे, सांगता आलं नाही तर तो आकडा पक्षी समजायचा. आता ऑफिसात हा शब्दच झालाय, कुणी काही ठोकून दिलं की पोरी म्हणतात, पक्षी आहे.

कॉलेजची पोरं, पत्रकार, लायब्ररीवाले, डीटीपीवाले, ज्यांच्याकडे जुन्या फाइलींचे ढीग पडलेत त्यांनी जावं. फक्त चॅटजीपीटी कसं वापरायचं ते शिकायचं असेल तर नका जाऊ, त्यासाठी फुकटात भरपूर व्हिडिओ आहेत. पुढची बॅच गड्ड्यानंतर, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेनंतर आहे म्हणे, उन्हाळ्याआधी, ते बरं केलं. जाणार असाल तर खिडकीकडची खुर्ची घेऊ नका, दोननंतर ऊन थेट तोंडावर येतं, पहिल्या रविवारला काही झालं तरी चुकवू नका, आणि सर्टिफिकेटसाठी नाव स्वतःच्या हातानं कागदावर लिहून द्या.